कासुर्डीचा नर

‘पाम’ हा शब्द ऐकला की माझं डोकं अजूनही फिरतं. शिरूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागल्यापासून “अहो, तो पाम नाहीये” हे वाक्य मी जितक्या वेळा म्हटलं, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर एखादा तरी पावला असता. लग्नसराई आली की माणसं दारात हजर. “म्याडम, त्या पामची चार पानं द्या की, कमानीला लावतो.” लग्नाची कमान, जयंतीची कमान, गणपतीची कमान, नव्या सरपंचाच्या सत्काराची कमान. साऱ्या गावाच्या कमानी माझ्याच झाडावर उभ्या राहायच्या होत्या. नाही म्हटलं की तोंडं वाकडी करून जायची. जाता जाता एखादा पुटपुटायचा, “पामच तर हाय, सोन्याचं हाय का काय!”

तो पाम नव्हता, सायकस होता. आणि होता म्हणजे खरं तर होती. बाई होती ती. कॉलेजच्या मागच्या बाजूला ‘वनस्पती उद्यान’ अशी पाटी लावलेला एक तुकडा आहे. तिथं थोडी औषधी झाडं, नेचे लावलेली एक शेड, कमळाचं म्हणून बांधलेलं आणि कायम शेवाळलेलं एक टाकं, आणि या सगळ्यांची आजी म्हणावी अशी ही सायकस. मलबारी सुपारी असंही तिचं एक नाव पुस्तकात आहे, पण शिरूरमध्ये ते घेतलं की लोक पानटपरीकडं बघतात.

वर्गात मी हिच्यावर बोलायला लागले की मागच्या बाकावरची पोरं मोबाइल खाली ठेवायची, एवढं तरी माझ्या पदरात पडायचं. मी म्हणायचे, बाबांनो, फूल नावाची गोष्ट जगात आली नव्हती ना, तेव्हा ही होती. आंबा नव्हता, गुलाब नव्हता, ज्वारी नव्हती, तुमचा ऊसही नव्हता. डायनासोर आले, हिच्या सावलीतून फिरले, मेले, दगड झाले. आणि ही आपली शिरूरला, मुतारीच्या भिंतीमागं, पानं पसरून उभी. पोरं हसायची. मग परीक्षा व्हायची, पोरं रांजणगावच्या कंपन्यांत लागायची, कारेगावात खोली करून राहायची, आणि कधी एसटी स्टँडवर भेटली की विचारायची, “म्याडम, तो पाम आहे का अजून?”

हिची एक अडचण होती. या झाडात पपईसारखं असतं, नर वेगळा, मादी वेगळी. आमची मादी, आणि आसपास नर नाही. दर दोन-तीन वर्षांनी शेंड्याच्या मधोमध लोकरीसारख्या तपकिरी पानांचा झुबका यायचा, त्या पानांच्या कडांना कच्ची बीजं लटकायची आणि काही न होता वाळून जायची. स्टाफरूममधली एक बाई एकदा म्हणाली, “वांझच म्हणायची मग.” मी हातातला चहाचा कप असा काही आपटला की बशी फुटली. म्हटलं, “वांझ कशानं? गावात नर नाही, त्यात तिचा काय दोष?” नंतर कितीतरी दिवस त्या बाईनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मलाही तेच हवं होतं.

एवढी वर्षं निघाली, आणखी निघाली असती. पण कॉलेजनं उद्यानात पेव्हर ब्लॉकचे रस्ते करायला घेतले. त्यासाठी मुरूम टाकून जमीन उंच केली. सगळीकडचं पाणी उतरून हिच्या बुंध्याशी साठायला लागलं. मी सुट्टीवर होते. परत आले तर बुंध्याला कमरेएवढ्या मुरमाचा शालू नेसवलेला, आणि वर ठिबकची नळीही दिलेली, उसाला देतात तशी. कुणी दिली विचारलं तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “जुनं झाड हाय, म्हटलं पाणी दावावं.” आमच्याकडं प्रेम करायची ही एकच रीत. पाहुण्याला चहा आणि झाडाला पाणी, पुरे म्हटलं तरी ओततच राहायचं.

मुरूम उपसला तेव्हा उशीर झाला होता. बागेचं काम बघणारे मामा माझ्याहून जुने. त्यांनी बुंध्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. लोण्यात जावा तसा नाही, पण जायला नको होता तेवढा गेला. मामांनी अंगठा पँटला पुसला आणि ते चर खणायला लागले. आम्ही चुना टाकला, बुरशीचं औषध ओतलं, कुजलेला भाग खरवडून काढला. पण कूज आतून वर चढत होती. उचलून दुसरीकडं लावावी म्हटलं, तर हलवली असती तर दोन तुकडे झाले असते. हिला बाजूला पिलंही कधी फुटली नव्हती, की एखादं काढून कुंडीत जगवावं. प्राचार्य तसे भले माणूस. म्हणाले, “मॅडम, एवढं काय मनाला लावून घेता? नर्सरीतून दोन पाम आणून देतो.” मी केबिनमधून उठून बाहेर आले, कारण थांबले असते तर नोकरी गेली असती.

आणि होळी झाल्यावर, मरता मरता, बाईनं झुबका काढला.

मी शिडीवर चढून पाहिलं आणि शिडीवरच रडले. असा भरघोस झुबका तिनं कधीच काढला नव्हता. कडांना हरभऱ्याएवढी हिरवी बीजं लगडली होती. झाडांना कळतं की नाही यावर मी वर्गात कधी बोलत नाही, विज्ञानाचा तास असतो तो. पण त्या दिवशी मला वाटलं की हिला कळलंय. ही तिची शेवटची वेळ होती, आणि यावेळी बी धरलं नाही तर ही बाई मागं काहीच न ठेवता जाणार होती. मला एक बी हवं होतं. एकच जरी रुजलं असतं तरी चाललं असतं.

नर्सरीत मिळतो तो बुटका जपानी सायकस, त्याची जात वेगळी. कोकणातल्या ओळखीच्यांना फोन केले. ज्याच्या बागेत नर होता तो म्हणाला, “आमच्या नराचा बहर मागच्या महिन्यातच झडला हो.” मी फोन ठेवून डोकं धरून बसले. तेव्हा मामा म्हणाले, “म्याडम, कासुर्डीला एक हाय की.”

“काय आहे?”

“ह्याच्यासंगचं. ही बाग ज्या सरांनी केली, त्यांनी घाटातनं एकाच झाडाच्या बिया आनल्या व्हत्या. दोनच उगावल्या. एक हितं लावली. दुसरं रोप कासुर्डीच्या एका इद्यार्थ्याला दिलं. सर लई हळहळायचे, त्यो नर निघाला आन् लांब गेला म्हनून.”

मला मामांचा राग आला, मिठी मारावीशीही वाटली. “मामा, इतकी वर्षं बोलला का नाहीत?” तर म्हणे, “तुमी कवा इचारलं?”

कासुर्डी म्हणजे दौंड तालुक्यात, यवतच्या जवळ. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला जायचं आणि तिथं पुण्याकडची गाडी धरायची. दुसऱ्याच दिवशी गेले. फाट्यावर विचारत विचारत, उसाच्या फडांमधून वाट काढत वस्तीवर पोचले. गोठ्याच्या कडेला तो उभा होता, आमच्या बाईहून उंच, निरोगी, पानं अशी तजेलदार की माझा जीव जळला. आणि शेंड्यात मधोमध तुरा! शंकू म्हणतात त्याला पुस्तकात, पण दिसतो मोठ्या मक्याच्या कणसासारखा, मांडीएवढा जाड, नारिंगी. अजून घट्ट मिटलेला होता. थोड्याच दिवसांत उकलणार आणि त्याची पिवळी भुकटी, म्हणजे पराग, झडायला लागणार.

ज्याला रोप दिलं होतं तो विद्यार्थी आता आबा झाला होता, वस्तीचा कर्ता म्हातारा. ते घरी नव्हते, कारेगावला लेकीकडं गेले होते. जावई कंपनीत कामाला. घरात सून होती, हुशार, चटपटीत. तिनं पाणी दिलं, चहा दिला. मी तिला नीट समजावलं. “हे बघ, याच्यातनं भुकटी पडायला लागली की लगेच मला फोन कर. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस.” तिनं नंबर घेतला, “व्हय व्हय म्याडम, काळजीच नका करू” म्हणाली. आबा आले की सांगते, असंही म्हणाली. आणि तिनं सांगितलं, शब्दाला शब्द सांगितलं. इथंच सगळा घोळ झाला.

शिरूरला परत आले आणि वाट बघत बसले. रोज सकाळी कॉलेज भरायच्या आधी शिडीवर चढायचे. एके दिवशी प्रत्येक बीजाच्या टोकावर एक बारीक थेंब आलेला दिसला. हा थेंब म्हणजे बाईनं उघडलेलं दार. वाऱ्यानं, किड्यानं पराग आला की या थेंबात अडकतो आणि आत ओढला जातो. थेंब वाळला की दार बंद. मी रोज थेंब बघायचे आणि रोज फोन बघायचे. तासाला शिकवताना फोन टेबलावर उताणा ठेवायचे. पोरांना वाटलं म्याडमच्या घरी कुणीतरी दवाखान्यात आहे.

आणि फोन आला. आबांचा. आवाज खणखणीत, खूश.

“म्याडम, कासुर्डीवनं बोलतोय. तुमचा निरोप मिळाला. काम झालंय. तुमचं झाड वाचवलं बगा!”

“वाचवलं म्हणजे?”

“या तुमी. या आन् डोळ्यानं बगा. आता काय भ्याव न्हाई.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. काय झालंय ते कळेना, पण काहीतरी झालंय हे कळलं. तास सोडून तशीच निघाले. चौफुल्याला गाडी लवकर मिळेना, तेव्हा एका टेम्पोवाल्याला हात केला. मी कुणाच्या टेम्पोत कधी बसत नाही.

वस्तीवर पोचले तर नराच्या शेंड्याला काहीच नव्हतं. तुरा होता तिथं सपाट कापलेला खड्डा, आणि त्यात निळंशार मोरचुदाचं पाणी. आबा शेजारी उभे, हातात कोयता नाही, पण तोंडावर कोयता गाजवून आल्याचं तेज. “काणी व्हती,” म्हणाले.

ज्याला उसाची माहिती नाही त्याला सांगते. काणी हा उसाचा रोग. वाढीच्या कोंबातूनच चाबकासारखा एक पट्टा निघतो, त्यात भुकटी भरलेली असते. ती उडाली की सगळा फड गेला. म्हणून जाणता शेतकरी भुकटी उडायच्या आत त्यावर गोणी घालतो, अलगद कापतो आणि बांधावर नेऊन जाळतो. आबा जाणते होते, त्याला मी काय करू! सुनेनं निरोप दिला, ‘भुकटी पडाय लागली की फोन करा, तोवर कुनाला हात लावू देऊ नका.’ आबांनी ऐकलं, वर बघितलं, कोंबातून काहीतरी निघालंय, हात लावला तर पिवळं बोटाला लागतंय. “आदनंमदनं असलं निघायचं, मी झाडाचा गुनच समजत हुतो. म्हटलं, म्याडमनी बराबर वळकलं,” ते मला सांगत होते. “हात लावू नका म्हंजी लागन हुती. भुकटी पडंपर्यंत कशाला थांबायचं? आदीच कापलं. गोणी घालून, जरा बी उडू न देता. जाळलं बी. वरनं मोरचूद मारलाय.”

“अहो आबा!” मी ओरडले. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. “रोग नव्हता तो! नर होता, नर! बाप होता तो! त्या भुकटीसाठी मी तिकडं जीव मुठीत धरून बसले, आणि तुम्ही ती जाळून आलात? कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? तिकडं ती मरतीय, तिची शेवटची वेळ आहे, आणि तुम्ही तिचं सगळं राखेत घातलंत!” मी खूप बोलले. वयाचा मान ठेवला नाही. सून दारात हातानं तोंड झाकून उभी होती. आणि मग मी तिथंच शेणाच्या पाटीशेजारी खाली बसले आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडले. आयुष्यात इतकी हताश मी कधी झाले नव्हते, माझ्या घरच्या मयतीला सुद्धा.

आबा आत गेले. कोपऱ्यातला माठ उचलून आणला, स्वतः माझ्या हातावर पाणी घातलं. मग समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “नीट सांगा म्याडम. मला ह्यातलं काय बी ठावं न्हवतं.”

मी सांगितलं. पपईपासून सांगितलं. शिरूरची बाई, मुरूम, कूज, थेंब, सगळं. सरांनी दोन्ही बिया एकाच झाडाच्या आणल्या होत्या, हेही सांगितलं. आबा मान हलवत ऐकत होते, इथं एकदम थांबले.

“म्हंजी भाऊ-भन व्हय? म्याडम, मंग ह्ये कसलं लगीन लावताय?”

“झाडांना गोत्र नसतं आबा,” मी नाक पुसत म्हटलं. मला हसू आलं, आणि हसल्याचा इतका राग आला की पुन्हा रडू आलं.

मग मी वेड्यासारखी शोधायला लागले. शिडी लावून वर चढले, खालची पानं झटकली. सगळं मोरचुदानं धुऊन गेलेलं. जाळल्या जागी राख. गोणी पण जळाली. कोयता आबांनी घासून ठेवला होता, जाणत्या माणसाची अवजारं ती. तेवढ्यात सून म्हणाली, “आबा, तुमची त्या दिवशीची टोपी?”

टोपी धुण्याच्या ढिगात पडली होती, अजून पाण्यात गेली नव्हती. पांढऱ्या टोपीच्या घडीत पिवळी रेघ. मी हात पुढं केला. पण आबा टोपी देईनात. मळकी, घामाची टोपी परक्या बाईच्या हातात द्यायची त्यांना लाज वाटत होती. “धुतल्याबिगर कशी देऊ म्याडम? डोईवरची हाय.” मी म्हटलं, “आबा, धुतलीत तर मी इथून उठणार नाही.” शेवटी त्यांनीच ती दोन्ही हातांनी, पालथी न करता, माझ्या स्टीलच्या डब्यात ठेवली आणि तोंड फिरवलं.

डबा मांडीवर घेऊन मी शिरूरला आले. कंडक्टर म्हणाला, “बाई, डबा खाली ठेवा की.” मी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढं निघून गेला. मामा शिडी लावून तयार होते. टोपीची घडी कागदावर झटकली. चिमूटभरही नव्हती, चिमटीच्या टोकाला लागेल एवढी. वर चढले तर बहुतेक थेंब वाळले होते. थोडे होते. कुंचल्यानं, श्वास रोखून, एकेकाला लावत गेले. थेंब नव्हता तिथंही लावलं. खाली मामा शिडी धरून उभे होते आणि काहीबाही पुटपुटत होते, बहुधा प्रार्थना.

मग वाट बघणं सुरू झालं. आबांचा अधूनमधून फोन यायचा. “लागलं का म्याडम?” एवढंच विचारायचे. मी म्हणायचे, “बघू आबा, वेळ लागतो.” बीजं फुगायला लागली, बोरांएवढी झाली, मग लिंबाएवढी. मामांनी पेढे आणले. मी त्यांच्यावर खेकसले, “मामा, हे झाड फसवं आहे, पराग न मिळताही बी असंच फुगतं. आत जीव आहे का ते आत्ता कळत नाही.” मामांनी पेढ्यांचा पुडा खिशात घातला. त्यांचा चेहरा बघून मीच तो मागून घेतला आणि एक खाल्ला. मनात म्हटलं, असेल, काय सांगावं. पावसाळाभर बाईला बांबूंचे टेकू देऊन धरून ठेवलं. वरून पोसत होती आणि खालून कुजत होती.

दिवाळीनंतर ती पडली. वारा नव्हता, काही नव्हतं. मी वर्गात होते, आवाजही मोठा आला नाही. बाहेर येऊन पाहिलं तर बाई पेव्हर ब्लॉकवर आडवी, आणि बुंधा मोडला तिथं आतमध्ये नुसता चोथा, ओला, काळपट. नारिंगी झालेल्या बिया चौफेर घरंगळलेल्या. दोन पोरी धावत येऊन माझ्याबरोबर वेचू लागल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, याचं मला अजून बरं वाटतं.

साल सोलून, धुऊन, सगळी बी पाण्याच्या बादलीत टाकली. आत जीव असेल ते जड बी बुडतं, पोकळ ते तरंगतं. सगळी तरंगली. मी बादली हलवली. तरंगली. मामांनी एक बी बोटानं तळाशी दाबून धरलं, जरा वेळ तसंच धरलं, आणि बोट काढलं. ते वर आलं. “ऱ्हाऊ द्या मामा,” मी म्हटलं. पण ते पुन्हा दाबायला लागले, तेव्हा मी बादली उचलून आत नेली.

तरी सगळी बी वाळूत पुरली. शास्त्र शिकवणारी बाई मी, मला माहीत होतं, तरी पुरली. आबांचा फोन आला तेव्हा म्हटलं, “वाळूत पुरल्यात आबा.” ती पडली हे सांगितलं नाही. सांगेन सांगेन म्हणून ठेवलं. “आता हळूहळू कळंल,” ते म्हणाले. “व्हईल, व्हईल.” बाई उभी होती तिथं ब्लॉक बसले आणि त्यावर दोन कुंड्यांत दोन पाम आले. यावेळी खरोखरचे पाम. वाळूतून काही वर आलं नाही.

परवा होळी झाल्यावर पुन्हा कासुर्डीचा फोन. “म्याडम, आला! तुरा आला! ह्या वर्सीच आला, कापला तरी आला. उकलाय लागलाय. या, लवकर या.” आवाजात इतका आनंद की मी नुसतं ‘येते’ म्हटलं. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, तोंडावर सांगायचं, असं ठरवून मी गाडीत बसले. वाक्य जुळवत गेले. ‘आबा, ती दिवाळीनंतर गेली.’ एवढंच वाक्य. चौफुल्यापर्यंत ते पाठ झालं.

वस्तीवर गेले तर नराभोवती जुन्या साड्यांचं कुंपण. आत खाट टाकलेली. आबा तिथंच बसायचे, जेवायचे तिथंच. कोंबडी आत येऊ देत नव्हते, सुनेलाही झाडू मारू देत नव्हते. झाडाखाली स्वच्छ धुतलेलं पांढरं धोतर अंथरलेलं आणि त्यावर पिवळी भुकटी. गेल्या वर्षी मी जिच्या कणाकणासाठी तडफडले, ती ओंजळी भरून, ढीगभर. वाऱ्याची झुळूक आली की आणखी झरत होती. आबांनी दोन्ही हात छातीशी धरून माझ्याकडं पाहिलं, पोरानं पहिला नंबर आणल्यावर बाप बघतो तसं.

“ह्या खेपेला जरा बी वाया जाऊ दिली न्हाई,” म्हणाले. “पुरंल का?”

मी तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या तोंडानं कुणाची भीड ठेवली नाही, प्राचार्यांची नाही, पुढाऱ्यांची नाही, खुद्द आबांची नाही, ते तोंड उघडलं आणि म्हणाले, “पुरेल आबा.”

त्यांनी धोतराची चारी टोकं जुळवली. गाठ स्वतःच मारली, सुनेला हात लावू दिला नाही. गाठोडं माझ्या हातात ठेवलं. गाठोड्याला वजन असं नव्हतंच. मी तशीच उभी राहिले, तेव्हा इतके दिवस ‘म्याडम’ म्हणणारा तो माणूस माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “हुबी काय ऱ्हायलीस पोरी? पळ. ह्या खेपेला उशीर नगं.”

मी गाठोडं उराशी धरलं आणि फाट्याच्या दिशेनं भराभर चालायला लागले. आबा बघत होते, म्हणून भराभर.